लो-कार्ब खाताना ऑफिसातलं गोड कसं हाताळायचं: तयारी, क्रम आणि नेहमीच्या चुका

सोमवारी लो-कार्ब सुरू होतं, गुरुवारी कुणाचा तरी वाढदिवस निघतो आणि शुक्रवारी "माझ्याच्याने नाही होत बाई" असा निकाल लागतो. ऐरोली, महापे, वागळे इस्टेट, कुठल्याही ऑफिसात हेच ऐकू येतं. मी ठाण्याहून महाप्याला नोकरीला जाते आणि गेली चार वर्षं लो-कार्ब खाते, त्यामुळे बरेच जण माझ्याकडे विचारायला येतात. चूक जवळजवळ नेहमी एकच असते. पेढ्यांचा बॉक्स समोर आला की मग ते ठरवायला बसतात. पोट रिकामं असतं, समोरचा माणूस हसत उभा असतो, आजूबाजूचे चार जण घेऊन मोकळे झालेले असतात. त्या अर्ध्या मिनिटात कुणालाच धड ठरवता येत नाही. ते आदल्या रात्री, डब्यात काय न्यायचं हे बघताना ठरलेलं असावं लागतं.

म्हणून खालच्या पायऱ्यांचा क्रम बदलू नका. "नाही कसं म्हणायचं" ही सहावी पायरी आहे आणि सगळे तिथूनच सुरुवात करतात.

दिवसाला साधारण १३० ग्रॅमच्या आत कार्बोहायड्रेट (पोळी, भात, साखर यांतून मिळणारे पिष्ट आणि शर्करा; पुढे नुसतं "कार्ब"), असा आहार ठेवणाऱ्यांसाठी हा लेख आहे. किटो, म्हणजे याहून कडक लो-कार्ब, करणारे २० ते ५० ग्रॅमवर असतात. त्यांनाही पायऱ्या याच, फक्त मोकळीक कमी.

सुरू करण्याआधी: औषधं चालू असतील तर थांबा

मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या चालू असतील तर पोळी-भात एकदम कमी केल्यावर साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. मधुमेहाच्याच डॅपाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गटातल्या गोळ्या आणि अगदी कमी कार्ब यांची जोडी वेगळ्या कारणाने, म्हणजे रक्तात आम्लं साचवणाऱ्या कीटोअ‍ॅसिडोसिसमुळे, घातक ठरू शकते. गरोदरपण किंवा किडनीचा आजार असेल तरीही आधी डॉक्टरांशी बोला, मग डबा बदला.

आणि ऑफिसात हातपाय थरथरायला लागले, दरदरून घाम आला, डोळ्यांपुढे अंधारी आली आणि मशीनवर साखर ७०च्या खाली दिसली, तर त्या क्षणी लो-कार्ब बाजूला. १५ ग्रॅम साखर किंवा ग्लुकोज पाण्यातून घ्या, १५ मिनिटांनी पुन्हा मोजा. मशीन जवळ नसेल तर मोजण्यासाठी खोळंबू नका, आधी साखर घ्या. मधुमेहाची औषधं घेणाऱ्यांनी ग्लुकोजची पुडी खणात ठेवायचीच, आणि शेजारच्या टेबलावरच्या एकाला तरी ती कुठे आहे ते सांगून ठेवायचं.

पायरी १: एक आठवडा फक्त लिहा

पहिल्या आठवड्यात काहीही सोडू नका. ऑफिसात तोंडात गेलेली प्रत्येक गोड गोष्ट लिहा: किती वाजता, कुठे, कुणी दिली, आणि त्या वेळी भूक होती का. चौथा रकाना सगळ्यात महत्त्वाचा आणि लोक नेमका तोच मोकळा सोडतात.

माझ्या वहीत बहुतेक नोंदी साडेचार ते साडेपाचच्या निघाल्या आणि त्यातल्या बऱ्याच सोमवारच्या. कारण साधं होतं. शनिवार-रविवार जोडून गावी गेलेली मंडळी सोमवारी येताना काहीतरी आणतात: साताऱ्याचे कंदी पेढे, नागपूरची संत्रा बर्फी, लोणावळ्याची चिक्की, मालवणचा खाजा. वाढदिवसाच्या केकची मला उगाच धास्ती होती. तो महिन्यातून एकदा येतो, सोमवार महिन्यातून चारदा.

तपासून घ्या: आठवड्याच्या शेवटी तुमचा सगळ्यात घसरणीचा वार आणि वेळ एका ओळीत सांगता येते का? येत नसेल तर अजून चार दिवस लिहा.

पायरी २: डबा आधी भरभक्कम करा

इथे सगळ्यात जास्त लोक चुकतात. डब्यातून पोळी काढतात, भात काढतात आणि उरते ती वाटीभर दुधीची भाजी. साडेबाराला ती खाल्ली की चारपर्यंत पोटात काही राहत नाही. मग चार वाजता जे होतं त्याला आपण "गोडाची आवड" म्हणतो. ती निव्वळ भूक असते.

जे काढलं त्याच्या जागी प्रथिनं आणि स्निग्ध पदार्थ घाला, आणि मोजून घाला. एका अंड्यात साधारण ६ ग्रॅम प्रथिनं असतात, १०० ग्रॅम पनीरमध्ये १८च्या आसपास. दुपारच्या डब्यातून २५ ते ३० ग्रॅम प्रथिनं मिळाली तर माझं पोट संध्याकाळपर्यंत शांत राहतं. म्हणजे दोन अंड्यांची भुर्जी आणि त्यात पनीरचा बऱ्यापैकी तुकडा कुस्करलेला. किंवा पनीर-ढोबळी मिरची भरपूर तुपात परतलेली, वर मूठभर भाजलेले शेंगदाणे आणि घट्ट दही. मासे खाणाऱ्यांचं तर आपल्या खाडीकाठी सोपं आहे. बांगडा किंवा सुरमई रवा-तांदळाचं पीठ न लावता, नुसतं हळद-तिखट-मीठ-आगळ लावून तव्यावर भाजायची. सुकटीची चटणीही या आहारात उत्तम बसते, पण ती घरी खा. एसी पॅन्ट्रीतल्या मायक्रोवेव्हमध्ये सुकट गरम केली की सगळा मजला नाराज होतो.

डब्यातल्या नेहमीच्या चुका सांगते. ज्वारीची भाकरी लो-कार्ब नाही. ५० ग्रॅम पिठाची भाकरी म्हणजे साधारण ३३ ते ३५ ग्रॅम कार्ब. भाकरी पोळीपेक्षा पौष्टिक असेल, पण आकड्यात ती मोजावीच लागते. उसळी चांगल्या आहेत, तरी कार्ब त्यातही असतात; एक वाटी घ्या, दोन नको. आणि संकष्टी-एकादशीला साबुदाण्याची खिचडी नेणं म्हणजे शुद्ध स्टार्च डब्यात भरून नेणं, कारण साबुदाण्यात त्याशिवाय जवळजवळ काही नसतं. उपास करत असाल तर दही, काकडीची शेंगदाण्याचा कूट घातलेली कोशिंबीर, खोबरं, पनीर यांवर दिवस छान निघतो.

सावधान: पहिल्या दोन आठवड्यांत दुपारी डोकं जड होतं, गळल्यासारखं वाटतं. कार्ब कमी झाले की लघवीवाटे पाणी आणि त्याबरोबर मीठ जास्त जातं, त्याचा हा परिणाम असतो. लोकांना वाटतं साखर हवी आहे, आणि ते बर्फी खातात. आधी मीठ घातलेलं ताक प्या आणि अर्धा तास थांबा. ब्लड प्रेशरचा त्रास असेल तर मीठ किती घ्यायचं ते डॉक्टरांना विचारूनच.

पायरी ३: खण भरा, पण पाकीट ठेवू नका

डबा कितीही चांगला असला तरी एखादी मीटिंग लांबते, ट्रान्स-हार्बर लोकल रखडते, जेवायला तीन वाजतात. त्या दिवसासाठी टेबलाचा खण.

मी रविवारी संध्याकाळी पाच छोट्या डब्या भरते, मसाल्याच्या असतात तेवढ्या. प्रत्येकीत ३० ग्रॅम भाजलेले खारे शेंगदाणे. त्यात कार्ब साधारण ५ ग्रॅम आणि प्रथिनं ७-८ ग्रॅम. एखाद्या डबीत त्याऐवजी दहा-बारा बदाम आणि सुक्या खोबऱ्याचे काप. सोमवारी पाचही डब्या खणात जातात, रोज एक रिकामी घरी येते. अर्ध्या किलोचं पाकीट खणात ठेवलं की ते दोन दिवसांत संपतं, कारण कॉलवर बोलता बोलता हात आपोआप आत जातो. डबी संपली की संपली.

खणात काय नको, हे जास्त नीट वाचा, कारण हे सगळे पदार्थ "हेल्दी" म्हणून विकले जातात. फुटाण्यांत १०० ग्रॅममागे ६० ग्रॅमच्या आसपास कार्ब असतात. मखाण्यात ७५च्या पुढे. डाएट चिवडा म्हणजे पोहे किंवा कुरमुरेच. खजूर आणि मध शरीरासाठी साखरच. गूळही बहुतांश साखरच असतो, त्यामुळे गुळाची चिक्की आणि साखरेची चिक्की यांत तुमच्या हिशेबाला फरक पडत नाही. डायजेस्टिव्ह बिस्किटात पीठही असतं आणि साखरही.

पाकिटावर दोन ठिकाणी बघा. घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने छापलेली असते; पहिल्या तिनांत साखर, मैदा, लिक्विड ग्लुकोज, इन्व्हर्ट सिरप किंवा माल्टोडेक्स्ट्रिन दिसलं तर पाकीट परत ठेवा. मग तक्त्यात "एकूण कार्बोहायड्रेट" बघा. नुसता "साखर" हा आकडा बघून फसतात लोक. "शुगर-फ्री" लिहिलेल्या मिठाईतही मैदा असू शकतो, खव्यातली दुधाची साखर असते, आणि माल्टिटॉल (साखरेऐवजी घालतात तो गोड पदार्थ) असेल तर दोन-तीन तुकड्यांनी पोटही बिघडतं.

पायरी ४: चहा

ही पायरी छोटी आहे, पण टाळू नका. दोन चमचे साखरेचा चहा म्हणजे १० ग्रॅम साखर, दिवसाला तीन कप झाले की ३० ग्रॅम. पेढा न खाता हे पोटात जातं आणि वहीतही उतरत नाही.

मशीनच्या चहाचं प्रीमिक्स बहुतेक ठिकाणी साखर घातलेलं असतं. मशीनवर बिनसाखरेचं बटण आहे का ते बघा. नसेल तर ब्लॅक कॉफी किंवा घरून थर्मास. टपरीवर साखर पातेल्यातच उकळलेली असते, म्हणून चहा हातात आल्यावर नव्हे, आधीच सांगायचं: "दादा, एक बिनसाखरेचा वेगळा टाकाल का?" रोजचं गिऱ्हाईक असेल तर टाकतात. एकदम फिका जात नसेल तर दर आठवड्याला अर्धा चमचा कमी करा.

पायरी ५: कॅलेंडर समोर घेऊन आधीच ठरवा

आता गोडाकडे वळू. रविवारी पाच मिनिटं काढा आणि येत्या आठवड्यात काय येणार आहे ते बघा. ऑफिसातल्या बऱ्याचशा गोडाची तारीख आधीच माहीत असते: संक्रांतीचा तिळगूळ, पाडव्याचं श्रीखंड, ऑफिसातला गणपती, दसऱ्याच्या पूजेचे पेढे, दिवाळीचे बॉक्स, महिनाअखेरचा सामायिक केक. अचानक येते ती बढती, घराची किल्ली, बाळाची बातमी. मग मी सगळं तीन खात्यांत टाकते.

पहिलं खातं प्रसादाचं. प्रसाद आपण नाकारत नाही आणि नाकारायची गरजही नाही. फक्त प्रसाद म्हणजे कण, हे विसरू नका. सत्यनारायणाचा शिरा द्रोणभर मिळतो म्हणून द्रोणभर खायचा नसतो. वाढणाऱ्याला आधीच सांगा, "काका, अगदी कणभर द्या," हाताची ओंजळ पुढे करा, कपाळाला लावा, खा. द्रोण हातात आल्यावर उरलेल्याचं काय करायचं हा पेच पडतो, आणि टाकवत नाही म्हणून आपण संपवतो.

दुसरं खातं निवडीचं. वर्षातून काही पदार्थ असे असतात की ते खायचेच. माझ्यासाठी तो गणपतीतला उकडीचा मोदक. एका मोदकात साधारण २० ते २५ ग्रॅम कार्ब जातात. त्या दिवशी मी एक खाते, वरून तूप घालून, बसून, सावकाश, आणि त्या दिवशी बाकी कार्ब त्या हिशेबाने ठेवते. हा अपवाद आधी ठरलेला असल्यामुळे दुसऱ्या दिवशी मन खात नाही. (किटोवर असाल तर एक मोदक म्हणजे दिवसाचा जवळपास अर्धा ते अख्खा कोटा, हे लक्षात घेऊनच ठरवा.)

तिसऱ्या खात्यात बाकी सगळं: प्रिंटरजवळचा सोनपापडीचा बॉक्स, मीटिंगमधली क्रीमची बिस्किटं, कुणाच्या तरी निरोपाचा केक. याला उत्तर एकच, नको. त्यावर रोज नव्याने विचार करायचा नाही.

अंदाजासाठी आकडे, आकारानुसार कमी-जास्त होतील: काजूकतलीची एक वडी ८ ते १० ग्रॅम, मध्यम पेढा १० ते १२, पाकातला गुलाबजाम २५ ते ३०, क्रीम केकचा तुकडा ३५ ते ४०. केकच्या प्लेटमधला समोसा गोड नाही म्हणून सुटत नाही. मैदा आणि बटाटा मिळून तोही २५च्या पुढे जातो.

पायरी ६: समोर बॉक्स आला की

क्रम असा: आधी आनंद, मग नकार, मग विषय त्या माणसाकडे. लोक नकारापासून सुरू करतात आणि समोरच्याचा चेहरा उतरतो.

"अरे वा, अभिनंदन! मुलगी ना? फोटो दाखव आधी." फोटो बघा, मनापासून बघा. मग, "पेढा नको मला, पण खूप आनंद झाला. नाव काय ठेवताय?" बस्स. बहुतेकांना तुमच्या तोंडात पेढा जाण्यापेक्षा बातमी ऐकून घ्यायला कुणीतरी हवं असतं.

आपल्याकडे खरी अडचण पहिल्या नकाराची नाहीच, आग्रहाची आहे. पहिल्या "नको"ला आपण संकोच समजतो, म्हणून समोरचा दुसऱ्यांदा विचारणार, तिसऱ्यांदाही विचारणार. तो चांगल्या रीतीचा माणूस आहे म्हणून विचारतो. अशा वेळी लोक दर खेपेला कारण बदलतात. "आत्ताच जेवले" म्हटलं की उत्तर येतं, "मग बांधून ने." "डाएट चालू आहे" म्हटलं की "तुला काय गरज डाएटची?" "साखर वाढलीय" म्हटलं की सगळं ऑफिस तुमच्या तब्येतीवर बोलायला लागतं, कारलं-मेथीचे उपाय सुरू होतात. म्हणून कारण देऊ नका आणि शब्दही बदलू नका. तिन्ही वेळा तेच वाक्य, त्याच हसऱ्या चेहऱ्याने: "नको, खरंच नको. आनंद झाला." तिसऱ्यांदा तेच ऐकल्यावर आग्रह थांबतो.

एक अवघड जागा मात्र आहे. आमच्या अकाउंट्समध्ये एक काकू आहेत, निवृत्तीला आलेल्या. दिवाळीनंतरच्या पहिल्या दिवशी स्टीलच्या गोल डब्यातून बेसनाचे लाडू आणतात. झाकण उघडलं की तुपात खमंग भाजलेल्या बेसनाचा वास लिफ्टपर्यंत जातो. प्रत्येक लाडवावर एक बेदाणा बोटाने दाबून बसवलेला असतो, थोडा तिरका. त्या स्वतः टेबलाटेबलावर फिरतात आणि "माझ्या हातचा आहे गं" म्हणतात. त्यांना मी ते ठरलेलं वाक्य म्हणत नाही. "काकू, मला यातला चतुर्थांशच द्या, पण तुम्हीच तोडून द्या," म्हणते, त्यांच्यासमोर खाते आणि बेसन किती वेळ भाजलं ते विचारते. हा लाडू निवडीच्या खात्यात आहे, दरवर्षी. साहेबांच्या घरून आलेली मिठाई, सासरच्या ओळखीतल्यांनी दिलेलं, अशा जागा प्रत्येकाच्या असतात. त्या मोजक्या असू द्या आणि पाचव्या पायरीतच लिहून ठेवा.

केक कापताना वेगळी काळजी घ्या, कारण तिथे विचारत नाहीत, सरळ तोंडात घालतात. मोबाइल हातात घ्या आणि फोटो काढायचं काम आपणहून मागून घ्या, म्हणजे दोन्ही हात गुंततात आणि तुम्ही केकच्या समोर, लांब राहता. कागदी प्लेट भरण्याआधीच वाटणाऱ्याला सांगा, "माझी प्लेट नको भरूस." भरलेली प्लेट टेबलावर आली की ती तासाभरात रिकामी होतेच.

सावधान: "घरी नेते" हा सुटकेचा मार्ग नाही. माझी पहिली दिवाळी अशीच गेली. दिवसभर सगळ्यांना नको म्हटलं, दुपारचं जेवणही टाळलं आणि संध्याकाळी पर्समध्ये सहा काजूकतल्या घेऊन गाडीत बसले. ठाणं येईपर्यंत एकही उरली नव्हती. त्या दिवशी कमी पडली ती पायरी २. जेवले असते तर पर्स उघडलीच नसती.

पायरी ७: बॉक्सची जागा बदला

हे फार कमी लोक करतात आणि याचाच उपयोग सगळ्यात लवकर दिसतो. आमच्याकडे मिठाईचा उघडा बॉक्स प्रिंटरशेजारी असायचा. दिवसातून आठ-दहा वेळा प्रिंट घ्यायला जायचं, प्रत्येक वेळी तो दिसायचा, प्रत्येक वेळी नाही म्हणायचं. मी पॅन्ट्रीतल्या काकांना विचारलं, "काका, हा बॉक्स झाकण लावून आत फडताळात ठेवूया का? मुंग्याही येणार नाहीत." त्यांना ते पटलं. ज्याला हवं तो आत जाऊन घेतो, कुणाचं काही अडलं नाही. तुमच्या स्वतःच्या टेबलावर कुणी बॉक्स ठेवून गेलं तर तो लगेच आत पोचवा, "नंतर बघू" नको.

तुमचा वाढदिवस असेल तर इतरांना आवडतं ते गोड आणाच, त्याबरोबर पनीर टिक्का किंवा मसाला शेंगदाणे आणा. दुसऱ्याच्या प्लेटकडे बघून साखरेवर बोलू नका. एकदा बोललात की पुढचा प्रत्येक आग्रह मुद्दाम होतो.

पायरी ८: खाल्लं गेलंच तर

खाल्लं, तर वहीत लिहा आणि पुढचं जेवण नेहमीसारखं घ्या. "आजचा दिवस गेलाच" म्हणून रात्री आइस्क्रीम खाणं ही एक चूक, आणि भरपाई म्हणून रात्री उपाशी राहणं ही दुसरी. उपाशी राहिलात तर दुसऱ्या दिवशी चार वाजता पुन्हा तिथेच याल. दहा-पंधरा मिनिटं चाला. खाल्ल्यानंतरच्या चालण्याने रक्तातली साखर कमी चढते. ऑफिसच्या आवारात दोन फेऱ्या पुरतात. वाशीला असाल तर सागर विहार, ठाण्याला उतरत असाल तर तलावपाळीला एक चक्कर.

परतीच्या वाटेचंही बघा. ठाणे स्टेशनवरून नौपाड्याकडे गोखले रोडने चालत निघालं की साडेसातच्या भुकेला मिठाईची दुकानं, फरसाण, वडापाव, सगळं एकापाठोपाठ भेटतं. म्हणून त्या दिवसाची शेंगदाण्याची डबी शिल्लक असेल तर गाडीत बसण्याआधीच संपवा.

पायरी ९: चार आठवड्यांनी वही पुन्हा उघडा

पायरी १ मधला तोच आठवडा पुन्हा लिहा आणि दोन्ही शेजारी ठेवून बघा. जी वेळ सुधारली तिला हात लावू नका. जी तशीच राहिली तेवढीच पुढच्या महिन्यात धरा. तिथेही आधी चौथा रकाना बघा: भूक होती का? "हो" असेल तर पायरी २ कडे जा, "नाही" असेल तर पायरी ७ कडे, म्हणजे बॉक्स नजरेसमोर येतोय का ते तपासा. माझ्या दुसऱ्या वहीत फक्त सोमवार अडकून राहिला होता आणि चौथ्या रकान्यात तिन्ही वेळा "हो" लिहिलेलं होतं. तेव्हापासून सोमवारच्या भुर्जीत दोनाऐवजी तीन अंडी जातात.